चार पावलांचे अंतर

क्रिकेटचा सामना पाहताना माणसाला इतकी भूक का लागते, हे एक कोडेच आहे. धावतात ते मैदानावरचे खेळाडू; घाम गाळतो तो गोलंदाज; आणि घरात सतरंजीवर मांडी घालून बसलेला प्रेक्षक मात्र दर दहा षटकांनी विचारतो, "खायला काही आहे का?" कदाचित हरण्याची धास्ती आणि जिंकण्याची आशा यांच्यामध्ये तासन् तास लोंबकळत राहणे, हेही श्रमाचेच काम असावे. म्हणूनच ज्या घरी सामना पाहायला चार माणसे जमतात, त्या घरी पहिला प्रश्न नाणेफेक कोण जिंकणार हा नसतो. खायला काय करायचे, हा असतो.

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. सामना पाहताना खाण्याच्या पदार्थांचे दोन वर्ग पडतात. काही पदार्थ केवळ हाताला कळतात. डोळ्यांना त्यांची वार्ताही नसते. चिवडा, भाजलेले शेंगदाणे, मक्याच्या लाह्या, चकली ही सारी मंडळी या वर्गातली. हात आपोआप वाटीकडे जातो, आपोआप तोंडाकडे येतो, आणि नजर चेंडूवरून हलत नाही. दुसऱ्या वर्गातले पदार्थ मानी असतात. त्यांना आपल्याकडे पाहिलेलेच हवे. मिसळीचा रस्सा बशीतून सांडू नये म्हणून क्षणभर मान खाली घालावी आणि नेमका त्याच क्षणी फलंदाजाचा त्रिफळा उडावा, हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. तेव्हा कोणता पदार्थ केव्हा पुढे ठेवावा, याचाही विचार करावा लागतो.

पण हा सारा विचार खाणाऱ्याचा झाला. खाणाऱ्याला सामना नीट दिसेल, पण करणाऱ्याला? हा तिसरा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. गिरगावातील एका चाळीत राहणाऱ्या एका कुटुंबात तो यायला तब्बल 28 वर्षे लागली.

त्या कुटुंबाची ही हकिकत सुरू होते 25 जून 1983 या दिवशी. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर त्या दिवशी भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होता. त्यापूर्वीचे दोन्ही विश्वचषक, 1975 चा आणि 1979 चा, वेस्ट इंडिजनेच जिंकलेले. मुंबईत दूरदर्शनचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीच सुरू झाले होते. तरी चाळीच्या त्या मजल्यावर दूरचित्रवाणी संच होता तो एकाच घरी. त्या घराला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत संच, आतल्या खोलीत स्वयंपाकघर. शनिवारचा दिवस. दुपारपासून दाराशी चपलांचा ढीग पडला. मोठी माणसे खाटेवर, मुले सतरंजीवर, ज्यांना आत जागा मिळाली नाही ती गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभी. त्या घरच्या गृहिणीला सारी चाळ 'वहिनी' म्हणत असे. एवढी माणसे घरी आली याचा वहिनींना कोण आनंद झाला होता! त्यांनी पदर खोचला आणि कांद्याच्या भज्यांची तयारी आरंभली.

कांदा उभा चिरावा, त्याला मीठ लावून घटकाभर ठेवावा, आणि त्याला जे पाणी सुटेल तेवढ्यातच बेसन कालवावे. वरून पाण्याचा थेंबही घालू नये. मग भजी कुरकुरीत होतात. वहिनींच्या भज्यांची ख्याती होती ती यामुळे. परंतु भज्याचा एक स्वभाव आहे. ते कोणाची वाट पाहत नाही. कढईतून निघाले की खाल्ले पाहिजे. पाच मिनिटे थांबाल तर ते मऊ पडून रुसून बसते. त्यामुळे भजी खाणारा कोठेही बसू शकतो. तळणाऱ्याला मात्र कढईपाशीच उभे राहावे लागते.

भारताचा डाव 54.4 षटकांत 183 धावांत संपला. एक डाव 60 षटकांचा असे त्या काळी. तेव्हा खेळायची षटकेही शिल्लक राहिली होती. बाहेरच्या खोलीत निराशा पसरली. निराशेतही भूक लागते. किंबहुना जरा अधिकच लागते. वहिनींनी स्टोव्हला पंप मारला. त्या स्टोव्हचा आवाज असा, की त्यात समालोचकाचे शब्द पार बुडून जात. आत त्यांना सामना कळे तो केवळ माणसांच्या ओरडण्यावरून. एकदा आनंदाचा गलका झाला, तेव्हा त्या झारा हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. ग्रिनिज बाद झाला होता. मग पुष्कळ वेळ चिडीचूप. रिचर्ड्स खेळायला आला होता आणि चौकारामागून चौकार मारीत होता. 33 धावांपैकी 28 धावा त्याने चौकारांनीच काढल्या.

आणि मग तो क्षण आला. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने उंच फटका मारला. कपिलदेव चेंडूकडे पाठ करून धावत सुटला. खांद्यावरून मागे पाहत तो धावला, धावतच राहिला, आणि चेंडू अलगद त्याच्या हातांत विसावला. बाहेरच्या खोलीतली माणसे अशी काही ओरडली, की गॅलरीतली कबुतरे उडाली. वहिनी त्या वेळी तिसरा घाणा काढीत होत्या. तेल तापलेले, भजी लालसर होत आलेली. तसेच टाकून निघावे तर ती करपतील. घाणा निथळून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, "काय झालं?" पण उत्तर द्यायला कोणी भानावर होते कोठे? जो तो शेजाऱ्याला मिठी मारीत होता. "वहिनी, रिचर्ड्स गेला!" एवढे कोणीतरी सांगितले. मग कढईतून करपल्याचा वास आला, आणि त्या आत वळल्या.

लंडन मुंबईपासून 7,000 किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेवढ्या अंतरावरचा झेल त्या खोलीतल्या पंचवीसएक माणसांनी डोळे भरून पाहिला. स्टोव्हपासून दूरचित्रवाणी संचापर्यंतचे अंतर होते चार पावलांचे. तेवढे मात्र वहिनींना त्या क्षणी ओलांडता आले नाही.

वेस्ट इंडिजचा डाव 140 धावांत आटोपला आणि भारत 43 धावांनी जिंकला. वहिनींनी सर्वांच्या हातावर साखर ठेवली. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा त्या रात्री आनंदाने झोपलाच नाही. कपिलदेवचा झेल आणि आईच्या हातची गरम भजी, या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना चिकटून कायमच्या राहिल्या.

वर्षे लोटली. वहिनी आजी झाल्या. त्यांचा मुलगा आता दोन मुलांचा बाप होता. घरोघरी रंगीत संच आले, स्टोव्ह जाऊन गॅसची शेगडी आली. पण चाळ तीच होती, खोल्या त्याच होत्या, आणि सामना असला म्हणजे त्याच घरी जमण्याची शेजाऱ्यांची रीतही तीच होती. आणखी एक गोष्ट बदलली नव्हती. आजींची आतल्या खोलीतली जागा आता त्यांच्या सुनेने घेतली होती.

30 मार्च 2011 रोजी मोहालीच्या मैदानावर भारताने उपांत्य सामन्यात पाकिस्तानला हरवले. अंतिम सामना शनिवारी, 2 एप्रिलला, श्रीलंकेशी. आणि तोही मुंबईत, वानखेडे मैदानावर, म्हणजे गिरगावापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी! घरात आनंदाला सीमा राहिली नाही. आनंदाच्या भरात बाबांनी 1983 ची गोष्ट पुन्हा सांगायला घेतली. मुलांना ती पाठ होती. "कपिल मागं मागं धावतोय," बाबा हात पसरून सांगत होते, "आणि आमच्या खोलीत कोणी श्वासही घेत नाही. मी इथं, या खांबापाशी. भाऊकाका तिथं, खिडकीत."

बारा वर्षांची नात ऐकत होती. उपांत्य सामन्याच्या रात्री तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गलका झाला की तिची आई चहाच्या आधणापासून लगबगीने बाहेर येई, आणि प्रत्येक वेळी घडायचे ते घडून गेलेले असे. ती एकाएकी म्हणाली, "आणि आजी, तू कुठं बसली होतीस?"

"मी?" आजी हसल्या. "मी भजी तळत होते."

बाबांचे पसरलेले हात तसेच राहिले. भजी गरम होती, हे त्यांना 28 वर्षे आठवत होते. ती गरम कशी होती, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

"तुला वाईट नाही वाटलं?" नातीने विचारले.

"वाईट वाटायला वेळ कुठं होता, बाळ? घरी एवढी माणसं आलेली." आजी थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "तो झेल मी पुढं शंभरदा पाहिलाय. दाखवतातच की सारखा. पण काय होणार ते ठाऊक असताना बघणं वेगळं, आणि ठाऊक नसताना बघणं वेगळं."

यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने नात आपली वही घेऊन आली. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने चार रकाने आखले आणि त्यांवर नावे घातली: 'आदल्या दिवशी', 'सकाळी', 'मध्यंतरात' आणि 'सामना चालू असताना'. "आजी, मला असे पदार्थ सांग," ती म्हणाली, "जे वाट पाहू शकतात."

आजींना प्रथम ही कल्पना मुळीच रुचली नाही. "म्हणजे पाहुण्यांना गार खायला घालायचं? माणूस दारी आला की त्याच्या पुढ्यात गरम काही पडलं पाहिजे." त्यांचा आवाज किंचित दुखावलेला होता. आयुष्यभर ज्या कौतुकावर त्यांचा हक्क होता, ते कोणी काढून घेत आहे, असे त्यांना वाटले असावे. जो झारा त्यांना बाहेर येऊ देत नव्हता, तोच त्यांचा मानही होता. सुनेने ते ओळखले. ती म्हणाली, "आई, चिवडा तुमच्यासारखा कोणाला जमतो? तुम्ही सांगा, आम्ही करतो." आजींनी वही ओढून घेतली. एकेक करून तीन रकाने भरले. चौथ्यावर त्यांचे बोट थांबले.

"हा रिकामाच?"

"रिकामा नाही, आजी," नात म्हणाली. "त्या वेळी तू इथं बसायचंस."

शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झाले. अर्धा किलो पातळ पोहे चाळून घेतले आणि मोठ्या कढईत मंद आचेवर भाजायला ठेवले. नऊ वर्षांच्या नातवाला घाई फार. आच मोठी केली तर लवकर होणार नाही का, असे त्याने विचारले. आजी म्हणाल्या, "होतील, पण आक्रसून जातील." पातळ पोह्याला एकदम उष्णता लागली की तो सुरकुततो, हलकेच लागली तर त्यातली ओल हळूहळू निघून जाते आणि तो बोटांत चुरता येईल असा खुसखुशीत होतो. पोहे उतरवल्यावर फोडणी आली: मोहरी, हिंग, हिरव्या मिरच्या, कढीलिंब, शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप आणि शेवटी हळद. मिरच्या आणि कढीलिंब पार कुरकुरीत होईपर्यंत आजींनी पुढचे काही घालू दिले नाही. एका ओल्या पानाने सारा डबा सादळतो, हे त्यांचे म्हणणे. मीठ आणि पिठीसाखर घालून चिवडा कालवला, तरी डब्याचे झाकण त्यांनी लावू दिले नाही. गरम चिवड्यावर झाकण लावले, तर त्याचीच वाफ आत कोंडून पाणी होते आणि पुन्हा तोच घात होतो. घाईने आच वाढवू नये, घाईने झाकण लावू नये, एवढे दोन धडे त्या संध्याकाळी नातू शिकला. त्याच रात्री चिंच भिजत घालून, कोळ काढून, गूळ व जिऱ्याची पूड घालून आंबटगोड चटणी उकळली. हरभऱ्याची डाळ धुऊन पाण्यात टाकली.

शनिवारी सकाळी 'सकाळी' हा रकाना उघडला. गुढीपाडवा दोन दिवसांवर होता आणि बाजारात कैऱ्या आल्या होत्या. रात्रभर भिजलेली डाळ निथळून भरड वाटली. तीत किसलेली कैरी, मिरची, मीठ, साखर आणि ओले खोबरे मिसळून वर मोहरी-हिंगाची गार केलेली फोडणी ओतली. आंबेडाळीला शिजवावे लागत नाही; म्हणून ती करायला सोपी, आणि म्हणूनच उन्हाळ्यात ती त्याच दिवशी संपवलीही पाहिजे. उरलेल्या कैऱ्या उकडून त्यांच्या गरात गूळ आणि वेलची घालून पन्हे केले व माठाशेजारी झाकून ठेवले. बाबांनी कांदे चिरले. चिरताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते कांद्यामुळेच आले, असे त्यांनी दोनदा सांगितले. बटाटे उकडले, कोथिंबीर निवडली, हिरवी चटणी वाटली, कुरमुरे आणि शेव डब्यांत भरली. मुलांनी वाट्या-चमचे पुसून मांडले. दीड वाजता स्वयंपाकघरातील कट्टा पुसून कोरडा झाला होता.

अडीच वाजता सामना होता. घर पुन्हा 28 वर्षांपूर्वीसारखे भरले. संचासमोरची मधली खुर्ची आजींसाठी ठेवली होती. पण आजींना त्या खुर्चीत स्वस्थ बसता येईना. त्या पुन्हा पुन्हा उठत आणि आत जाऊन पाहत. पाहण्यासारखे आत काही नव्हते. सवय ही गोष्ट अशी आहे, की दार उघडे असले तरी माणूस पिंजऱ्यातच फिरत राहतो.

त्या दिवशी नाणेफेक दोनदा करावी लागली. गोंगाटात श्रीलंकेच्या कर्णधाराचा पुकारा पहिल्यांदा नीट ऐकूच आला नाही. श्रीलंकेने फलंदाजी घेतली. झहीर खानने पहिली तीन षटके निर्धाव टाकली आणि दुसरीकडे चिवड्याच्या वाट्या फिरू लागल्या. एकाही माणसाने वाटीत डोकावून पाहिले नाही. हेच चिवड्याचे यश होते. वाट्या रिकाम्या झाल्या की नातू डबा घेऊन फिरे. हळूहळू आजी खुर्चीत टेकून बसल्या. जयवर्धने शतकाकडे निघाला, तेव्हा त्या शेजारच्या काकूंना सांगू लागल्या, "याला पायात चेंडू टाकू नये." काकू चकित झाल्या. आजींना क्रिकेटमधले इतके कळते, हे चाळीतल्या कोणालाच माहीत नव्हते. जयवर्धने 103 धावांवर नाबाद राहिला आणि श्रीलंकेने 6 बाद 274 धावा केल्या.

मध्यंतर झाले. आता डोळे मोकळे होते. म्हणून आता भेळेची पाळी होती. भेळ हा त्या मानी वर्गातलाच पदार्थ. कुरमुरा म्हणजे फुललेला, आतून पोकळ झालेला तांदूळ. ओली चटणी लागताच तो पाणी शोषू लागतो आणि दहा मिनिटांत त्याचा चिखल होतो. म्हणून भेळेचे सारे भाग वेगळे ठेवायचे आणि ऐन वेळी एकत्र करायचे. मोठ्या परातीत कुरमुरे पडले. त्यावर कांदा, बटाटा, कैरी, दोन्ही चटण्या, शेव, कोथिंबीर. बाबांनी दोन्ही हातांनी भेळ वरखाली केली आणि पाच मिनिटांत वीस माणसांच्या हातांत वीस बशा गेल्या. आंबेडाळीचा एकेक चमचा बशीच्या कडेला पडला. पन्ह्याचे पेले फिरले. सूनबाईंनी त्याच वेळी जड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर मक्याचे दाणे टाकून झाकण ठेवले. दाण्याच्या पोटात थोडे पाणी असते. ते तापून त्याची वाफ होते, कठीण साल तिला कोंडून धरते, आणि कोंडमारा असह्य झाला की दाणा फटकन उलटा उमलतो. ज्या दाण्याची साल तडकलेली असते किंवा ज्यातले पाणी सुकून गेलेले असते, तो तसाच राहतो. त्याला 'गणंग' म्हणतात. नातवाने गणंग वेचून काढले. सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा लाह्यांचे भांडे बाहेर आले होते आणि सूनबाई आजींच्या पायाशी सतरंजीवर बसल्या होत्या.

दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग शून्यावर बाद झाला. थोड्या वेळाने सचिन तेंडुलकर 18 धावांवर गेला. धावफलकावर अवघ्या 31 धावा. खोलीत इतकी शांतता पसरली, की कोणीतरी लाही चावली तिचा आवाज ऐकू आला. मग गंभीर आणि कोहली यांनी डाव सावरला. कोहलीनंतर स्वतः कर्णधार धोनी आला. एकेक धाव जोडली जात होती. रात्र चढली होती. चाळिसावे षटक उलटले आणि खिडकीतल्या भाऊकाकांनी जुन्या सवयीने हाक दिली, "वहिनी, एकेक कप चहा होऊन जाऊ द्या!"

वर्षानुवर्षांची ती हाक. आजींचे हात खुर्चीच्या हातांवर टेकले. त्या निम्म्या उठल्याही. सूनबाईंनीही सतरंजीवरून पाय काढला. "तुम्ही दोघी बसा," बाबा म्हणाले. ते स्वतः उठले आणि आत गेले.

वीस कप चहा करणे म्हणजे काय, हे बाबांना त्या रात्री प्रथम समजले. आधण ठेवले, तर साखरेचा डबा सापडेना. साखर सापडली, तर दूध वर येऊ लागले. दुधावरून नजर हलवता येत नव्हती. आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला. तो आनंदाचा होता की दुःखाचा, हेही आतून नीट कळेना. गॅस बारीक करून, हातातले फडके तसेच घेऊन बाबा उंबऱ्यापर्यंत धावत आले. "काय झालं?"

पडद्यावर गंभीर मान खाली घालून परतत होता. आजींनी मुलाकडे पाहिले आणि सावकाश, नीट समजावून सांगितले, "गंभीर गेला. सत्याण्णववर. पुढं सरसावून मारायला गेला आणि चुकला. त्रिफळा." मग त्या म्हणाल्या, "आत जा; दूध उतू जाईल."

बाबा क्षणभर उंबऱ्यात उभे राहिले. तेच चार पावलांचे अंतर, तोच उंबरा. फक्त फडके आज त्यांच्या हातात होते. ते काही न बोलता आत वळले.

चहा झाला, कप फिरले. पण तो प्यायला कोणाला सुचले नाही. 11 चेंडूंत 4 धावा हव्या होत्या. कुलशेखराने चेंडू टाकला आणि धोनीने बॅट फिरवली. चेंडू रात्रीच्या प्रकाशात उंच गेला. तो कोठे पडणार, हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नव्हते, आजींनाही नव्हते. त्या खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या, त्यांच्या मुठीत नातीचा हात होता, आणि त्यांची नजर चेंडूबरोबर वर, आणखी वर, आणि मग सीमेच्या पलीकडे प्रेक्षकांत उतरली. षटकार! खोलीतली सारी माणसे एकदम ओरडली, आणि त्या ओरडण्यात 66 वर्षांच्या एका स्त्रीचा आवाज सर्वांच्या बरोबरीने होता. मागून आलेला नव्हता.

रस्त्यावर फटाके वाजू लागले. माणसे मरीन ड्राइव्हच्या दिशेने धावली. चाळीच्या गॅलरीतून गुलाल उडाला. बऱ्याच वेळाने, घर निवांत झाल्यावर, भाऊकाकांनी आपला कप उचलला. चहावर साय धरली होती. त्यांनी एक घोट घेतला.

"वहिनी, चहा पार गार झाला की हो!"

"असू दे," आजी म्हणाल्या. "आज असू दे."